टॅक्सिंगच्या स्वयंचलित यंत्रणेची चाचणी घ्यायला सांबऱ्याचं मॉडेल पुरेल का?

तुम्ही विचारलंय, की विमान जमिनीवर चालत असताना (म्हणजे टॅक्सिंग करताना) त्याला टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यांवर, हिरव्या दिव्यांनी वाट दाखवणारी यंत्रणा कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये तपासायला बेळगावच्या सांबरा विमानतळाचं संगणकावरचं मॉडेल पुरेल का. मी बेळगावचाच, आणि याच क्षेत्रात काम करतो. हात बसवायला पुरेल, चाचणीला नाही. 2300 मीटरची एकच धावपट्टी आणि दिवसाला मोजकी विमानं. तिथे कुठलीही यंत्रणा पास होईल.

त्यापेक्षा मिलानच्या लिनाटे विमानतळाचा नकाशा घ्या. 8 ऑक्टोबर 2001 च्या सकाळी तिथे दाट धुकं होतं आणि ग्राउंड रडार नव्हतं. आर-5 या टॅक्सीवेने जायला सांगितलेलं एक छोटं सेसना विमान आर-6 ने थेट धावपट्टीवर आलं. उड्डाणाच्या बेतातलं एमडी-87 हे प्रवासी विमान त्याच्यावर आदळलं आणि 118 माणसं गेली. वाटेत सेसनाच्या वैमानिकाने टॅक्सीवेवर रंगवलेल्या एस-4 या खुणेचा उल्लेख केला होता, पण ती खूण अधिकृत नकाशात नव्हती, त्यामुळे टॉवरमधल्या नियंत्रकाला काही उमगलं नाही. हाच प्रसंग मॉडेलमध्ये उभा करा आणि चुकलेलं वळण तुमची यंत्रणा किती सेकंदांत पकडते ते मोजा.

बहुतेक प्रोजेक्टमध्ये विमानं सांगितलेल्या वाटेने निमूट चालतात. खरं टॅक्सिंग नियंत्रक आणि वैमानिक यांच्या रेडिओवरच्या बोलण्यावर चालतं. म्हणून शेजारच्या खोलीत दोघा-तिघा मित्रांना हेडसेट देऊन स्यूडो-पायलट, म्हणजे नकली वैमानिक, म्हणून बसवा. ते बोलतील आणि स्क्रीनवरची विमानंही तेच हलवतील. एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकानेच बोलायचं, ही अडचण मॉडेलमध्ये हवीच. 1977 साली स्पेनच्या टेनेरिफे बेटावर दोन जम्बो विमानं धावपट्टीवर धडकली; त्याआधी दोन संदेश एकाच वेळी गेले, आणि त्यातल्या केएलएमच्या विमानाच्या कॉकपिटमध्ये शब्दांऐवजी कर्कश शिट्टी ऐकू आली.

आमच्या एका चाचणीत नियंत्रकाने 'होल्ड शॉर्ट', म्हणजे 'अलीकडेच थांबा', असं सांगितलं, पण वाट दाखवणारे पुढचे हिरवे दिवे पेटलेलेच राहिले. स्यूडो-पायलटने रीडबॅक अगदी बरोबर दिला, म्हणजे आदेश जसाच्या तसा परत म्हणून दाखवला, आणि बोलता बोलता विमान दिव्यांमागून पुढे नेलं! तेव्हापासून माझं ठाम मत आहे, की थांबायचा आदेश देताना नियंत्रकाला दिव्यांसाठी वेगळा खटाटोप करावा लागू नये. त्याच कृतीत लाल स्टॉपबार, म्हणजे वाटेत आडवी असलेली थांबण्याच्या दिव्यांची ओळ, पेटला पाहिजे आणि पुढचे हिरवे दिवे विझले पाहिजेत.

आणि हो, तीच वाहतूक आधी यंत्रणेशिवाय चालवून घ्या, नियंत्रक मात्र तोच ठेवा. त्याची नजर खिडकीबाहेर किती वेळ असते आणि स्क्रीनवर किती, याची दोन्ही वेळा नोंद करा. ओळखीत कुणी निवृत्त नियंत्रक असतील तर नियंत्रकाच्या खुर्चीवर त्यांनाच बसवा.