सतरा किस्से आणि दीड प्रसंग

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझं अकरा पानी पत्र मिळालं. एका बैठकीत वाचलं आणि मग हातात पेन्सिल घेऊन पुन्हा वाचलं. दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे आपल्या शांतारामबापूंचे किस्से मोजले, ते सतरा निघाले. मग त्यांच्या सिनेमांतल्या प्रसंगांची वर्णनं मोजली. ती दीड. त्यातला अर्धा म्हणजे ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’. अर्धा अशासाठी, की तू त्या गाण्याविषयी भरभरून लिहिलंयस, पण ते चालू असताना पडद्यावर काय दिसतं याचा एक शब्दही नाही.

रागावू नकोस. मीही याच वाटेने गेलोय. तीसेक वर्षांपूर्वी आमच्या फिल्म सोसायटीत ‘दो आँखें बारह हाथ’ लावला होता आणि प्रास्ताविक माझ्या गळ्यात पडलं होतं. त्या सिनेमासाठी बापूंनी बैलाशी केलेल्या झुंजीपासून मी सुरुवात केली. डोळ्यांना झालेली इजा, बांधलेल्या पट्ट्या, तो अंधार, त्यातून परत आलेली नजर आणि पुढे रंगांनी न्हालेला ‘नवरंग’, सगळं रंगवून सांगितलं. टाळ्या पडल्या. खाली उतरलो तर नऊवारीतल्या एक आजी जवळ आल्या आणि म्हणाल्या, “छान बोललात हो. मला एवढंच सांगा, तो कैदी वस्तरा घेऊन त्या जेलरची, आदिनाथची दाढी करतो ना, तेव्हा आपण जास्त वेळ कोणाचा चेहरा बघत असतो?”

मला सांगता येईना. सिनेमा मी एकदाच पाहिला होता, तोही शाळेत असताना, मैदानावर, अर्धा पडद्याच्या मागच्या बाजूने. त्या दिवशी शेवटच्या रांगेत जाऊन बसलो आणि गुपचूप पहिल्या चौकटीपासून पाहिला. आजींच्या प्रश्नाचं उत्तर इथे लिहीत नाही. तू स्वतः बघ आणि मला कळव.

किस्से खोटे असतात असं माझं म्हणणं नाही. झुंजीत डोळे दुखावले हे खरंच आहे. पण ते दुखणं सिनेमाच्या बाहेरचं. सिनेमाच्या आत वेगळेच डोळे आहेत, कैद्यांना पळू न देणारे. सहा खुनी आणि एक जेलर एका उजाड माळावर जातात, भाजीपाला पिकवतात, एवढीच गोष्ट. पहारा फक्त नजरेचा. ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत खरोखर उभी राहिली होती. त्या मागे मॉरिस फ्रीडमन हा पोलिश माणूस आणि औंधचे राजेसाहेब होते. त्यावरून गदिमांनी लिहिलं. १९५८ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात ‘रौप्य अस्वल’ हे पारितोषिक मिळालं हे तू तीनदा लिहिलंयस, आटपाडी एकदाही नाही. तुझ्या गावापासून एसटीने जाता येईल, एकदा जाऊन तो माळ बघून ये.

आता जरा कडू बोलतो. ‘बापू महान नट होते’ हे तुझं वाक्य मला मान्य नाही. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ बघ. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस वयाच्या ३२व्या वर्षी चीनमध्ये वारले, आणि १९४६ सालच्या सिनेमात त्यांचं काम चाळिशी ओलांडलेल्या बापूंनी केलं. ते वय दिसतं. मान ताठ, आवाज जरा भाषणी, प्रेमाच्या प्रसंगात थोडे अवघडलेले. पण हाच ताठपणा ‘दो आँखें’मध्ये कामी आला, कारण आदिनाथला फार काही करायचंच नसतं. तो उभा राहतो आणि बघतो. स्वतःच्या मर्यादेला साजेसा रोल हेरणं, ही मला त्यांच्या अभिनयापेक्षा त्यांच्यातल्या दिग्दर्शकाची हुशारी वाटते. तुझं मत वेगळं असेल तर खुशाल भांड माझ्याशी, फक्त प्रसंग दाखवून भांड.

त्यांच्यातला दिग्दर्शक दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर जास्त खुलतो. ‘कुंकू’ घे, १९३७चा. शांता आपटेंची नीरा आणि केशवराव दात्यांचे काकासाहेब. लबाडीने म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली मुलगी त्याला नवरा मानायचं नाकारते, आणि तरीही आपल्याला म्हाताऱ्याचा नुसता राग येत नाही, हळूहळू त्याची लाज आपल्याला वाटायला लागते. एक प्रयोग कर. सिनेमा लाव आणि पडद्याकडे पाठ करून बस. पार्श्वसंगीत ऐकू येणार नाही, कारण ते नाहीच. ठेवलेलंच नाही. घरातले, रस्त्यावरचे, माणसांचे आवाज तेवढे आहेत. बोलपट येऊन जेमतेम पाच-सहा वर्षं झालेली असताना एवढी हिंमत! आजच्या मालिकांत कोणी नुसती मान वळवली तरी मागे ढोल वाजतो. असो.

पाठ करून ऐकून झालं की दुसऱ्या दिवशी आवाज पूर्ण बंद करून बघ. शांता आपटे किती कमी वेळा डोळे खाली घालते ते वहीत टिपून ठेव.

अजून एक गोष्ट, आणि ही चूक सगळेच करतात. तू ‘संत तुकाराम’सुद्धा बापूंच्या नावावर टाकलायस. तो दामले आणि फत्तेलालांचा. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली तेव्हा भागीदार पाच होते. दामले ध्वनी सांभाळायचे, फत्तेलाल नेपथ्याची बाजू. प्रेमाच्या भरात आपण एका माणसाला इतका मोठा करतो की बाकीचे चौघे फोटोच्या चौकटीबाहेर जातात. १९४२ साली बापू प्रभात सोडून मुंबईला गेले, परळला स्वतःचा राजकमल स्टुडिओ काढला. आधीचे आणि नंतरचे सिनेमे ओळीने बघितलेस तर त्या चौघांनी काय धरून ठेवलं होतं, ते तुला आपोआप जाणवेल. नंतरच्या काळातले काही सिनेमे मला स्वतःला भडक वाटतात. रंग, घुंगरू, कारंजी, सगळं एकदमच. ‘पिंजरा’ मात्र सोडवत नाही, त्यातला मास्तर अजून मानगुटीवर बसलाय. आवडत्या माणसाचं सगळंच आवडलं पाहिजे अशी सक्ती तुझ्यावर कोणी केलेली नाही.

त्यांचं आत्मचरित्र ‘शांतारामा’ जरूर वाच, पण तिथे वकील आणि साक्षीदार एकच आहे हे लक्षात ठेवून.

१८ नोव्हेंबरला जयंतीनिमित्त तुम्ही मुलं कार्यक्रम करताय, त्याचा कागद पाहिला. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, चार मान्यवर, किस्से, गाणी, आणि शेवटी ‘वेळ उरल्यास चित्रफीत’. हे उलटं कर. साडेसहाला दिवे घालव आणि थेट ‘कुंकू’ सुरू कर. दाखवायची परवानगी आधी लेखी घे, शेवटच्या आठवड्यात धावपळ होते. फोटोला हार घालायचा असेल तर सिनेमा संपल्यावर घाला. मान्यवरांना सांग, बोलायचं असेल तर आज पाहिलेल्या प्रसंगावरच बोला. दोघे तरी येणार नाहीत. तेवढाच चहा वाचेल.

आणि लोकांना विचार, तुमच्या घरातल्या कोणी हे सिनेमे थेटरात पाहिले होते का? माझी आई ‘माणूस’मधलं ‘कशाला उद्याची बात’ भाकऱ्या थापताना गुणगुणायची, पण वडील घरात आले की थांबायची. कोठीवरच्या बाईचं गाणं ना ते. आई कधी थेटरात गेली होती, कोणाबरोबर, हे विचारायचं माझं राहून गेलं.

मी येईन. पुढच्या रांगेत बसवू नकोस, दाराजवळ एक खुर्ची ठेव, मधेच गुडघा आखडतो. आणि वस्तऱ्याच्या प्रसंगाचं उत्तर येताना लिहून आण, तोंडी चालणार नाही.

तुझा,
काका