एका कापात चांदणी

प्रश्न असा आहे: "कागदाला घड्या घालून कात्रीच्या एकाच सरळ कापात पाच टोकांची चांदणी निघते म्हणतात. खरं आहे का, की हातचलाखी आहे?"

खरं आहे, आणि हातचलाखी अजिबात नाही. बेळगावात शहापूरला माझं बाइंडिंगचं छोटं दुकान आहे. कागद दुमडण्यातच निम्मं आयुष्य गेलं, म्हणून उत्तर द्यायला बसलो.

आधी करून बघा. पतंगाच्या कागदाचा चौरस तुकडा घ्या. तो नसेल तर वहीचं पान चालेल, कार्डशीट नको. मधोमध दुमडा. घडीच्या कडेचा मध्य काढा, तिथे कोनमापक ठेवून ३६, ७२, १०८ आणि १४४ अंशांवर रेघा ओढा. या रेघांवर पंख्यासारख्या उलटसुलट घड्या घाला, एक पुढे, एक मागे. हातात ३६ अंशांची दहा पदरी पाचर येईल. तिच्या एका कडेवर टोकापासून थोडी लांब खूण करा, मात्र हे अंतर चौरसाच्या निम्म्या बाजूपेक्षा कमी हवं. त्या खुणेपाशी कडेशी १८ अंशांचा कोन होईल अशी तिरकी रेघ टोकाच्या बाजूला झुकवून दुसऱ्या कडेपर्यंत ओढा. तिच्यावरून कात्री चालवा आणि टोकाकडचा तुकडा उलगडा.

आता १८ च का? चांदणीचं प्रत्येक टोक ३६ अंशांचं असतं आणि घडी बरोबर त्याच्या मधून जाते, म्हणून निम्मा कोन. चांदणीच्या बाहेरच्या कडा दहा, पाचरीचे पदरही दहा. प्रत्येक पदरावर एकेक कड आणि सगळ्या एकावर एक बसलेल्या. कात्री एकदाच चालते, पण कापते दहा रेघा. हीच पाचर कडेला काटकोनात कापलीत तर पंचकोन मिळेल, ७२ अंशांत कापलीत तर दशकोन. घड्या त्याच, फक्त कापाचा तिरपेपणा वेगळा.

म्हणजे कात्रीकडे काही कसब नाही, सगळं घडीत आहे. मला हे काम शिकवणारे मामा कानडी. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचे. "आधी मडचु, मग कत्तरी" हे त्यांचं पालुपद. मडचु म्हणजे दुमड. कागदाला मात्र दोन्हीकडे कागदच म्हणतात, त्यामुळे निदान तिथे तरी घोटाळा नाही!

घोटाळा मी केला तो गल्लीतल्या गणपतीच्या सजावटीला. चांदण्या भराभर व्हाव्यात म्हणून चार कागद एकत्र धरून दुमडले, म्हणजे चाळीस पदर. वरची चांदणी ठीक होती. आतल्यांचे पाय वेडेवाकडे, एक आखूड, एक लांब. मामा म्हणाले, "चांदण्या करालायस की खेकडे?" कारण रोजच्या कामातलंच होतं. एक ताव तीनदा दुमडला की सोळा पानी फर्मा, म्हणजे पुस्तकात शिवायचा जुडगा होतो, पण आतली पानं बाहेरच्यांपेक्षा किंचित पुढे सरकतात. म्हणून तर पुस्तक शिवल्यावर तीन बाजू कटिंगला जातात. गणितातल्या कागदाला जाडी नसते, आपल्या कागदाला असते. एका वेळी एकच कागद दुमडा.

ही गंमत जुनी आहे. दुमडून एकाच कापात आकृती काढण्याचं कोडं जपानमध्ये १७२१ साली छापलेल्या एका पुस्तकात आहे. जादूगार हुदिनीनेही १९२२ साली ही चांदणी दाखवली होती. आपल्याकडे सुंदर राव यांनी कागद दुमडून भूमिती शिकवणारं पुस्तक १८९३ सालीच मद्रासहून काढलं.

पण खरी कमाल पुढे झाली. एरिक डिमेन, त्यांचे वडील मार्टिन डिमेन आणि ॲना लुबिव या तीन संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध केलं की सरळ रेघांची कुठलीही आकृती एकाच सरळ कापात निघते. कितीही कोपरे असू देत, मधे भोक असू दे. योग्य घड्या घातल्या की सगळ्या कडा एका रेघेवर आणता येतातच.

पटत नसेल तर मनाला येईल तसा वेडावाकडा त्रिकोण काढा. तिन्ही कोनदुभाजकांवर आतल्या बाजूला घड्या पाडा. दुभाजकावर दुमडलं की कोनाची एक बाजू दुसरीवर येऊन बसते, एवढंच यातलं मर्म. तिन्ही दुभाजक एका बिंदूत मिळतात हे शाळेत घोकलेलं असतं. त्या बिंदूतून एका बाजूवर लंब टाका आणि तिथे उलटी घडी घाला. घड्या कागदाच्या कडेपर्यंत न्या. कागद सपाट मिटेल, तिन्ही बाजू एका रेघेत येतील. मी पहिल्यांदा केलं तेव्हा गिऱ्हाईक समोर उभं असताना कागद तीनदा उघडून बघितला.

अट एकच, रेघा सरळ हव्यात. वळणदार कड असली तर तिचे बारीक सरळ तुकडे करून जवळपास पोचता येतं, तंतोतंत नाही. आणि इथे आमची पंचाईत आहे. देवनागरीत निदान शिरोरेघ आणि दंड सरळ असतात, कानडी अक्षरं जवळजवळ सगळी गोल. दुकानातल्या पोराला त्याच्या नावातला कानडी 'र' एका कापात हवाय. चौदा सरळ रेघांचा 'र' काढून ठेवलाय. गेले दोन रविवार घड्या पाडतोय, अजून दोन कडा रेघेवर येत नाहीत.