सोसायटीच्या गेटवरचा अन्नाचा फ्रीज: नोंदणी, जबाबदारी आणि भात

तुमचे प्रश्न तीन. कोथरूडमधल्या सोसायटीच्या गेटबाहेर सार्वजनिक फ्रीज ठेवायला परवाना लागतो का? कुणाला बाधलं तर अंगावर कोणाच्या येणार? आणि 'अन्न वाटणं हा आपला हक्कच आहे, कागद कशाला', हे कमिटीतल्या काकांचं म्हणणं बरोबर का?

आधी काकांचं बघू. शेजाऱ्याला डबा द्यायला कोणाची परवानगी लागत नाही, इथवर ते बरोबर आहेत. पण फ्रीज ठेवला की तुम्ही अनोळखी लोकांचं अन्न साठवता आणि अनोळखी लोकांना वाटता. २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यात 'अन्न व्यवसाय' या व्याख्येत साठवण, वाहतूक, वाटप सगळं येतं, आणि नफा असो वा नसो, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे 'आम्ही कुठे पैसे घेतो' हा बचाव चालत नाही. २०११ च्या परवाना व नोंदणी नियमांत तर लहान व्यावसायिकाच्या व्याख्येतच धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणारा बसवलाय.

म्हणजे तुम्हाला मोठा परवाना नको, साधी नोंदणी पुरेल. अर्ज फॉसकॉस या पोर्टलवर ऑनलाइन होतो, आपल्याकडे काम अन्न व औषध प्रशासन बघतं, शुल्क किरकोळ आहे. नोंदणी सोसायटीच्या किंवा ट्रस्टच्या नावाने करा आणि जबाबदार माणूस कमिटीतला ठेवा. वॉचमनच्या नावावर काहीही टाकू नका. सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या, त्यात फ्रीजचं वीजबिल कॉमन मीटरवर जाणार हेही लिहा. वाद अन्नावरून होत नाहीत, बिलावरून होतात.

जवळचं हॉटेल, बेकरी किंवा केटरर उरलेलं देणार असेल तर शिल्लक अन्नाच्या वाटपाचे २०१९ चे वेगळे नियम लागतात. ते १ जुलै २०२० पासून अमलात आहेत. गाभा एवढाच: वाटणारी संस्था नोंदणीकृत हवी, मुदत संपलेलं काही देता येत नाही, तयार अन्नावर लेबल हवं आणि काय आलं, कुठून आलं याची नोंद हवी. घरगुती डब्यालाही हाच शिस्तीचा नियम लावून टाका, दोन वह्या सांभाळायला नकोत.

आता जबाबदारी. अमेरिकेत १९९६ चा बिल एमर्सन कायदा सद्भावनेने अन्न देणाऱ्याला दाव्यांपासून वाचवतो, फक्त घोर निष्काळजीपणा किंवा मुद्दाम केलेला अपाय नसावा. तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'देणाऱ्यावर केस होत नाही' म्हणून फिरतंय ते बहुधा तिथलं. भारतात असं सरसकट संरक्षण देणारा कायदा नाही. उलट आपल्या २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यातलं कलम ५९ असुरक्षित अन्नासाठी आहे आणि मृत्यू झाला तर किमान सात वर्षांची कैद सांगतं. घाबरवायला लिहीत नाही. कारण त्याच कायद्याच्या कलम ८० मध्ये वाटही दिलीय: शक्य ती सगळी काळजी घेतली होती हे दाखवता आलं तर तो ग्राह्य बचाव आहे. दाखवणार कशाने? वहीने. तारीख, वेळ, पदार्थ, देणाऱ्याचं नाव, फ्रीजचं तापमान, टाकून दिलं तर कधी. ही वही नसेल तर फ्रीज लावूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

जागा गेटच्या आत, कंपाउंडला लागून घ्या. फुटपाथवर ठेवलात की ते महापालिकेच्या लेखी अतिक्रमण, आणि गाडी आली की फ्रीज उचलूनच जाणार. वर पत्रा, खाली १० ते १५ सेंटिमीटरचा स्टँड, मागे हवा खेळायला वीतभर जागा. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती झाली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच, बसवा. भर पावसात ओल्या हातांनी लोक दार उघडणार आहेत, यात काटकसर नको.

घरातला जुना फ्रीज कोणी फुकट देऊ केला तर आभार मानून नाही म्हणा. काचेच्या दाराचा व्हिझी कूलर घ्या, ३०० लिटरच्या आसपासचा. आत काय आहे ते दार न उघडता दिसतं, आणि सार्वजनिक फ्रीजचं तापमान बिघडतं ते सतत दार उघडण्यानेच. मात्र हा कूलर कोल्ड्रिंकच्या बाटल्या थंड ठेवायला बनलेला असतो, त्यामुळे सेटिंग ५ अंशांच्या खाली उतरतं का ते विकत घेतानाच बघा. थर्मामीटर हवेत टांगू नका, पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवा, म्हणजे अन्नाचं खरं तापमान कळतं. मागची जाळी महिन्यातून एकदा ब्रशने झाडा. रस्त्याच्या धुळीने ती बुजली की कॉम्प्रेसर धापा टाकतो.

खरा धोका भाताचा. शिजवलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. ५ ते ६० अंशांची मधली पट्टी सगळ्यात वाईट. तयार अन्न ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत यायला हवं. पाच किलो भाताचं पातेलं झाकून ठेवलं तर मधला भात रात्रभर कोमट राहतो. तो पातेल्यासकट फ्रीजमध्ये ढकलला तर शेजारचं दूधही बिघडतं. दोन इंचांहून कमी थराच्या ताटांत पसरायचा, निवला की अर्ध्या लिटरच्या डब्यांत भरायचा. मंगल कार्यालयातलं दुपारचं जेवण संध्याकाळी फ्रीजला लावू नका. ते घ्यायचंच तर पंगत उठताच गरम असताना थेट वस्तीवर पोचवा.

कच्चं मांस, मासे, अंडी नकोत. बासुंदी, खीर, मलईची मिठाई, ओल्या नारळाची चटणीही नको. पितृपंधरवड्यात खिरीचे डबे रांगेने येतात, तेव्हा नाही म्हणायला कोणीतरी खमकं माणूस दारात हवं. लाडू, चकली, फरसाण यांना फ्रीजची गरजच नाही, बाजूला एक बंद कपाट ठेवा. फळं, सीलबंद दूध-दही, ब्रेड, पोळ्या आणि त्याच दिवशीची सुकी भाजी एवढ्यावर फ्रीज उत्तम चालतो. शिजवलेलं काहीही २४ तासांनंतर ओल्या कचऱ्यात, चर्चा नाही. लेबलवर पदार्थ, बनवल्याची तारीख-वेळ, शाकाहारी की मांसाहारी, शेंगदाणा आहे का, आणि 'विक्रीसाठी नाही'. मास्किंग टेप आणि मार्कर फ्रीजलाच दोरीने बांधून ठेवा.

वेळ सकाळी ११ ते ३ आणि संध्याकाळी ६ ते १० ठेवा, मधल्या वेळेत कुलूप. रविवारी रात्री मेस बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी कोथरूडमधली पोरं जास्त येतील, तेव्हा पोळ्या-भाजी देणाऱ्या घरांची पाळी रविवारी दुपारी लावा. वीज गेली तर वेळ लिहून दार बंदच ठेवा. चार तासांपर्यंत ठीक, त्यापुढे गेली तर दूध आणि शिजवलेलं सगळं बाहेर काढा, फळं राहू द्या.