बिल्ड टूलच्या टीममध्ये राहावे की नाही?

संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात तुम्हाला इंटर्नशिप मिळाली, पण ॲप लिहिण्याऐवजी अनेक पॅकेजेस (कोडचे स्वतंत्र भाग) एकाच रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) ठेवलेल्या प्रकल्पाचे कमांड लाइनवरील बिल्ड टूल, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बांधणारे साधन, सांभाळण्याचे काम वाट्याला आले. कोणाला दाखवता येईल असे यात काही नाही, म्हणून टीम बदलून मागावी का, असे तुम्ही विचारले आहे.

माझे मत, मागू नये. पॅकेजेस परस्परांवर अवलंबून असतात तेव्हा कोणते आधी बांधायचे, कोणती एकाच वेळी बांधता येतील आणि एका पॅकेजमधील बदलामुळे नेमकी कोणती पुन्हा बांधावी लागतील, हे ठरवण्यासाठी टूल डिपेंडन्सी ग्राफ, म्हणजे कोणते पॅकेज कोणावर अवलंबून आहे याचा नकाशा, तयार करते. परीक्षेपुरता वाचलेला टोपोलॉजिकल सॉर्ट (अवलंबनानुसार क्रम लावण्याची पद्धत) येथे रोज कामाला येतो, आणि दोन पॅकेजेस एकमेकांवर अवलंबून राहिली की बिल्ड का अडतो, हेही येथे प्रत्यक्ष समजते.

त्याहून मोलाचा भाग कॅशिंगचा, म्हणजे आधीचे आउटपुट साठवून पुन्हा वापरण्याचा आहे. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये लिहिलेले ‘मेक’ हे टूल फाइल केव्हा बदलली, ती वेळ पाहून निर्णय घेते. परंतु कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमधून रिपॉझिटरी नव्याने उतरवली की मजकूर तोच असूनही फाइलींवर नवी वेळ पडते. म्हणूनच बेझल किंवा टर्बोरेपोसारखी टूल्स मजकुराचा हॅश, म्हणजे त्यावरून काढलेली ठशासारखी छोटी खूण, काढतात आणि तो जुळला तर आधीचे आउटपुट परत देतात. मात्र आउटपुटवर परिणाम करणारा एखादा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल (कोडबाहेर, संगणकाच्या प्रणालीत ठेवलेले मूल्य) हॅशमध्ये धरायचा राहिला, तर टूल जुनेच आउटपुट बिनतक्रार हाती देते आणि बिल्ड यशस्वी दिसत असताना चुकीचा कोड पुढे जातो. अशी चूक शोधून काढण्याची सवय ज्याला लागते, त्याला कोणत्याही मोठ्या प्रणालीत मागणी असते, असे मी मनापासून मानतो.

एका टूलला मात्र स्वतःला बांधून घेऊ नका. फेसबुकने 2013 मध्ये बक हे बिल्ड टूल सर्वांसाठी खुले केले, गूगलने 2015 मध्ये बेझल. टर्बोरेपो तर आधी गो भाषेत होते, नंतर रस्टमध्ये नेले गेले. नावे आणि भाषा बदलल्या तरी ग्राफ आणि हॅश यांचे तर्कशास्त्र तेच राहिले आहे. ते पक्के करायचे असेल, तर सुटीच्या दिवशी तीन-चार पॅकेजेससाठी स्वतःचे छोटे बिल्ड टूल लिहून पाहा: पॅकेज फाइली वाचणे, क्रम लावणे, हॅश जपून ठेवणे, इतके पुरे आहे.

तुमची शंका एका बाबतीत मात्र रास्त आहे. दोन महिने केवळ कॉन्फिगरेशनच्या ओळी बदलण्यातच गेले, तर मार्गदर्शकांकडे एखादा संथ बिल्ड मागून घ्या, तो कोठे वेळ खातो याची नोंद ठेवा, सुधारणेपूर्वीचा आणि नंतरचा कालावधी लिहून ठेवा. मुलाखतीत ‘दाखवण्यासारखे’ जे तुम्ही शोधत आहात, ते त्या दोन आकड्यांत आणि त्यांमागचे कारण समजावून सांगण्यात आहे.