बीज येण्याआधी करार

बेटा,

अनेक आशीर्वाद.

मत्स्यविज्ञानाची पदवी घेऊन तू अर्जुनी मोरगावला परत आलीस आणि गावची मच्छीमार संस्था, नागपूरचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय आणि मासळीचा व्यापारी या तिघांना तलावातल्या मत्स्यपालनाच्या एका करारात गुंतवायचं ठरवलंस, याचा मनापासून आनंद आहे. सुरुवात कुठून करायची, तेवढं लिहितो.

समुद्राच्या बाबतीत संशोधक आणि कंपन्यांना एकत्र आणायचा असा प्रयत्न झालेला आहे. 2015 मध्ये स्टॉकहोम रेझिलिअन्स सेंटरच्या संशोधकांनी हिशोब मांडला, की जगाच्या समुद्री मासळीतला 11 ते 16 टक्के वाटा अवघ्या 13 कंपन्यांच्या हातात आहे. मग ते थेट या कंपन्यांच्या प्रमुखांशीच बोलले. 2016 मध्ये मालदीवला बैठक झाली आणि त्यातून सीबॉस हा संशोधक आणि मासळी कंपन्यांचा संयुक्त उपक्रम उभा राहिला. मारुहा निचिरो, थाई युनियन, मोवी यांसारख्या बड्या कंपन्या त्यात आल्या. बेकायदा मासेमारी, वेठबिगारी, प्रतिजैविकांचा वापर हे विषय होते. पण मुदती घालून उद्दिष्टं ठरायला 2021 उजाडलं. तुझ्या करारात तारखा पहिल्या दिवसापासून हव्यात.

वाटा कोणाच्या हातात आहे, हे तूही आधी शोध. सगळ्या तालुक्याला पटवत फिरू नकोस. गेल्या हंगामात बोटुकली, म्हणजे तलावात सोडायची बोटाएवढी पिल्लं, कोणाकडून आली आणि मासळी कोणाच्या गाडीत चढली, एवढं लिहून काढ. दोन-तीनच नावं पुन्हा पुन्हा येतील. त्यातला एखादा ढिवरांना, म्हणजे आपल्या मच्छीमार समाजाला, पावसाळ्यात उचल देणारा असेल. त्याच्याशी भाव ठरवण्याआधी कोणाची किती उचल फिटायची आहे, हे संस्थेच्या वहीत घे. नाहीतर करारातला भाव कागदावर राहतो आणि मासळी उचलीत वळती होते.

आता तलावाचं. इथे सगळ्यात जास्त चुकते ती मोजणी. बीजवाला, म्हणजे माशांची पिल्लं विकणारा, सांगेल तेवढे मासे पिशवीत असतातच असं नाही. चाळणीवजा वाटीने तीन वाट्यांतली पिल्लं मोज, सरासरी काढ, मग एकूण वाट्यांनी गुण. आकडा चुकला तर वर्षाअखेरीस जगण्याचं प्रमाण खोटं निघतं आणि दोष पाण्याला लागतो. बीज 8 ते 10 सेंटिमीटरच्या बोटुकलीचंच घे. बारीक बीज मरळ हा शिकारी मासा खाऊन टाकतो. कटला, रोहू, मृगळ हे मासे 4:3:3 या प्रमाणात. सोडताना पिशव्या 15-20 मिनिटं पाण्यावर तरंगू दे, मग थोडं थोडं तलावाचं पाणी आत घे. घाई केली तर तापमानाच्या धक्क्याने पिल्लं दोन दिवसांत तळाशी बसतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

महाविद्यालयाचे विद्यार्थी सकाळी अकराला येऊन पाण्यातला प्राणवायू मोजतात. तोवर शेवाळाने ऊन खाल्लेलं असतं, आकडा चांगला दिसतो. खरा तुटवडा पहाटे पडतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात ते तेव्हाच. म्हणून मोजणी पहाटे पाचला, टोलीतल्याच, म्हणजे ढिवरांच्या वस्तीतल्याच, एखाद्या मुलीच्या हातून व्हावी, तिला मानधन द्यावं. लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर ठीक, 3 च्या खाली गेलं तर कोंडा-ढेपेचं खाद्य टाकणं त्याच दिवशी बंद.

एका मुद्द्यावर मात्र मागे हटू नकोस. व्यापाऱ्याला फक्त वजन दिसेल आणि तो गवत्या मासा (ग्रास कार्प) सुचवेल. तो पाणवनस्पती फस्त करतो आणि त्यांच्या आडोशाने वाढणारी देशी मासळी जाते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर महिलांसोबत तलावांतलं बेशरम नावाचं तण उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, तो अनुभव तुझ्या शेजारीच आहे; जाऊन बघ. करारात स्पष्ट लिही: गवत्या नाही, बंदी असलेला थाई मांगूर नाही, आणि पावसाळ्यात अंडी घालण्याच्या काठावर जाळं नाही.

खाद्याचंही असंच. धानाचा कोंडा आणि ढेप समप्रमाणात, हे आपल्या भागात सहज मिळतं. गोळीखाद्य आलं, तर त्यात मासळीची भुकटी किती आणि कुठल्या समुद्रातली, हे कंपनीला लेखी विचार. लहान समुद्री मासे दळून आपल्या तलावातले मासे पोसायचे असतील, तर कोळ्यांच्या दर्याचा भार आपणही वाढवतो.

उन्हाळ्यातल्या विक्रीसाठी एक किलो मासळीला एक किलो बारीक बर्फ, खालीही थर, वरही थर. बर्फाचा खर्च कोण देणार, हे लिहिलेलं नसलं की पहिल्याच गाडीला भांडण होतं.

आणि नोंदी. मूळ वही संस्थेकडे, प्रत महाविद्यालयाकडे, मराठीत. तपासणीचा खर्च व्यापाऱ्याकडून घेऊ नकोस. निष्कर्ष त्याच्या गैरसोयीचा निघाला तरी तो छापण्याचा हक्क महाविद्यालयाचा, आणि आधी संस्थेच्या सभेत वाचून दाखवण्याची अट. जूनच्या सभेत ठराव करून सह्या घे. जुलैत पिशव्या काठावर आल्या की अटी वाचायला कोणाला वेळ नसतो.

वहीचे रकाने आखलेस की पाठव, तपासून देतो.

तुझा
काका