जाताना पाच तास, येताना साडेतेरा तास?

प्रश्न : सर, जूनमध्ये आई भावाकडे लंडनला एकटीच चालली आहे. विमान मुंबईहून दुपारी दीडला निघून संध्याकाळी साडेसहाला पोहोचतं, म्हणजे पाच तास. येताना मात्र रात्री साडेआठला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, म्हणजे साडेतेरा तास! अंतर तेच असून असं कसं? आईची रक्तदाबाची गोळी रात्री नऊची असते.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, तिकिटावरच्या वेळा कधीही सरळ वजा करू नका. प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. तिथे साडेसहा वाजतात तेव्हा सोलापुरात रात्रीचे अकरा. म्हणजे जाताना आई साडेनऊ तास विमानात असेल. परतीचं विमान आपल्या रात्री एकला सुटतं, म्हणून नऊ तास.

उरलेला अर्धा तास वाऱ्याचा. शाळेत भूगोल शिकवताना मी मुलांना हे आवर्जून सांगायचो. या वाटेवर दहा-अकरा किलोमीटर उंचीवर वारे बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. मुंबई-लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० आणि वारा सरासरी ६० धरा. जाताना वारा समोरून, म्हणून वेग ८४०. साडेआठ तासांहून थोडं जास्त. येताना तोच वारा पाठीशी, वेग ९६०; साडेसात तास. या ढोबळ हिशेबात फरक तासाभराचा येतो, पण तो रोज सारखा नसतो; वारा मंद असेल तेव्हा कमी होतो, हिवाळ्यात वारा जोर धरतो तेव्हा वाढतो.

शिवाय ही सरळ रेघ प्रत्यक्षात मिळत नाही. पृथ्वीगोलावर मुंबई ते लंडन दोरा ताणून बघा, तो पाकिस्तान, कॅस्पियन समुद्र, युक्रेन असा जातो. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना वाट बंद केली. त्यामुळे वळसा पडतो. धावपट्टीपर्यंतची रांग आणि उतरण्यापूर्वीच्या घिरट्याही तिकिटावरच्या वेळेत धरलेल्या असतात.

आता गोळीचं, मला याचीच जास्त काळजी वाटते. आपले रात्रीचे नऊ जाताना विमानातच वाजतील, उतरायला दोन तास असताना. आईच्या मनगटावरचं घड्याळ उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच राहू द्या. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका; सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी. लंडनमध्ये आपले नऊ म्हणजे दुपारचे साडेचार, तेव्हा तिथली गोळीची वेळ निघण्याआधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. एवढा वेळ एका जागी बसायचं असल्याने सीट कडेची, चालायच्या वाटेलगतची मागा. तासा-दोन तासांनी त्यांनी उठून चार पावलं टाकावीत.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने आदल्या रात्री निघून दादरला उतरलात, तर विमानतळावर तीन तास आधी सहज पोहोचाल. चाकाच्या खुर्चीचं विमान कंपनीला आत्ताच कळवून ठेवा.