‘मम्मी, तू मीटिंगला येऊ नकोस’

‘मुलगी सतत कोरियन मालिका बघते आणि आता तिला आमचीच लाज वाटायला लागली आहे, मोबाइल काढून घेऊ का?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे अनेक पालक येतात. त्यांपैकी एका मायलेकींचा अनुभव, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, येथे सांगते.

मुलीला आपण सायली म्हणू. ती आठवीत होती. वडील रिक्षा चालवत आणि आई चार घरी पोळ्या करायला जाई. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांत ज्या 25 टक्के जागा राखीव असतात, त्यांतून सायलीला पहिलीत एका नावाजलेल्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळाला होता. सात वर्षे सारे सुरळीत चालले होते. ‘आता म्हणते, मीटिंगला येऊ नकोस. आलीस तर कोणाशी बोलू नकोस,’ हे सांगताना सायलीच्या आईने, ताईंनी, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. मैत्रिणींना तिने घरचा पत्ताही खोटा सांगितल्याचे त्यांना नुकतेच कळले होते.

सायली एकटी आली तेव्हा घराविषयी अवाक्षर बोलेना. मालिकेविषयी विचारले आणि ती मोकळी झाली. ती पाहत होती ‘द एअर्स’ ही 2013 सालची कोरियन मालिका. ‘मॅडम, त्या शाळेत मुलांचे चार थर असतात,’ ती म्हणाली. सर्वांत वर उद्योगसमूहांचे वारस, मग कंपन्यांच्या भागधारकांची मुले, नंतर वकील-राजकारण्यांची मुले आणि तळाला समाजकल्याणाच्या राखीव जागेतून आलेली. नायिका या तळाच्या जागेवरची. तिची आई अशाच एका उद्योगपतीच्या घरी घरकाम करते, तिला बोलता येत नाही, आणि मुलगी शाळेत आपण नवश्रीमंत असल्याचे भासवते.

पुढच्या भेटीआधी मी स्वतः काही भाग पाहिले. जे मूल आपल्यासमोर मालिकेच्या आडून बोलत असते, त्याचे बोलणे समजायचे तर ती मालिका पाहण्यावाचून गत्यंतर नसते. किशोरवयातील वर्गभेदाचा एक भाग या मालिका अचूक दाखवतात: गरिबीपेक्षा ती उघड होण्याची धास्ती, डबा उघडताना आजूबाजूला पाहणे, वाढदिवसाचे आमंत्रण आले की पोटात गोळा येणे. जे त्या दाखवत नाहीत ते मात्र माझ्या मते अधिक घातक आहे. नायिकेला त्या शाळेत प्रवेश मिळतो तो उद्योगपतीच्या शब्दावर, आणि पुढे तिच्या पाठीशी उभा राहतो तो त्याच उद्योगपतीचा मुलगा. 2009 सालच्या ‘बॉइज ओव्हर फ्लॉवर्स’मध्येही कपडे धुण्याचे दुकान चालवणाऱ्याची मुलगी आणि अब्जाधीश वारस हीच जोडी आहे. शुल्क, भाडे, आईचे दुखणारे गुडघे हे प्रश्न प्रेमकथेच्या कडेला पडून राहतात, आणि पाहणाऱ्या मुलीला वाटते की आपले गुपित सांभाळायचे आणि कोणीतरी निवडण्याची वाट पाहायची, एवढेच आपल्या हाती आहे.

हे सारे तिला समजावून सांगायच्या तयारीत मी होते, पण सायलीने मलाच प्रश्न विचारला. मालिकेच्या सुरुवातीला राखीव जागेवरचा एक मुलगा श्रीमंत मुलांच्या छळाला कंटाळून शाळा सोडतो. ‘मॅडम, तो शाळा सोडून जातो, मग त्याचं काय होतं?’ नायिकेविषयी तिने इतक्या तळमळीने काहीच विचारले नव्हते. मी विचारले, ‘तुला कोणाची काळजी वाटते आहे?’ बराच वेळ ती ओढणीचे टोक पिळत राहिली आणि मग म्हणाली, ‘आठवीनंतर मला फी भरावी लागणार. पप्पा मम्मीला रात्री सांगत होते.’

शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या, म्हणजे आठवीपर्यंतच्या शिक्षणाला लागू आहे. नववीचे शुल्क त्या घराच्या सहा महिन्यांच्या कमाईहून अधिक होते. आईवडिलांनी मुलीला त्रास नको म्हणून ही गोष्ट लपवली, मुलीने ती ऐकून आपल्याला ठाऊक असल्याचे लपवले, आणि शाळा सुटणारच असेल तर निदान तोवर कोणाला काही कळू नये म्हणून तिने आईला मीटिंगपासून दूर ठेवले. मालिकेने तिला लाज शिकवली नव्हती. मनातल्या भीतीला एक चेहरा दिला होता.

म्हणून मोबाइल काढून घेण्याचा सल्ला मी दिला नाही. तिघांना एकत्र बसवले आणि कागदावर शुल्काचा आकडा, घरची मिळकत आणि जवळच्या शाळांची नावे लिहायला लावली. अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ असते, हे सायलीला माहीत नव्हते. तो कागद तिने घडी घालून दप्तरात ठेवला. ताईंना मी एवढेच सुचवले की रोज एक भाग मुलीसोबत पाहावा आणि त्यातल्या माणसांविषयी तिला विचारत राहावे. स्वतःविषयी ती आपसूक बोलेल.

वर्षअखेरच्या मीटिंगला ताई गेल्या. सायली त्यांना वर्ग दाखवायला फाटकापर्यंत आली, पण मैत्रिणींशी ओळख करून दिली नाही, आणि त्यासाठी तिच्यावर दबाव आणू नका असे मी आधीच सांगितले होते. जूनमध्ये ती घराजवळच्या अनुदानित शाळेत नववीत गेली. मालिका अजूनही चालू असते. संध्याकाळी कणीक मळताना ताई मध्येच थांबवून विचारतात, ‘त्या मुलीची आई वहीत काय लिहिते आहे, मला वाचून दाखव.’